सुखना तलावावरील विमानांची रांग

हवाई प्रात्यक्षिकात कोणते विमान पुढे, कोणते मागे आणि कोणते मुळीच नाही, हा प्रश्न वरकरणी वैमानिकांचा आहे. प्रत्यक्षात ती यादी म्हणजे संरक्षण धोरणाचे जाहीर टिपणच असते. चंडीगडमध्ये तीन वर्षांच्या अंतराने याचा दोनदा प्रत्यय आला.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी हवाई दल दिनाचा सोहळा प्रथमच दिल्ली परिसराबाहेर, चंडीगडला झाला. सकाळी हवाई तळावर संचलन आणि दुपारी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत सुखना तलावावर प्रात्यक्षिके, असा बेत होता. हवाई दलप्रमुख होते मूळचे नांदेड जिल्ह्यातील एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. सुमारे ऐंशी विमाने व हेलिकॉप्टरे एका तलावावरून क्रमाने न्यायची, तर प्रत्येकाचा वेग वेगळा. अवजड चिनूक आणि सुखोई यांना एकाच बिंदूवर ठरल्या क्षणी आणायचे, तर कोणी कुठून आणि किती आधी उडायचे, याचा हिशेब उलट दिशेने मांडावा लागतो. ऐनवेळी बिघाड झाल्यास राखीव विमान सज्ज हवे. शिवाय तलाव म्हटला की पक्षी आलेच!

युरोपात असे सोहळे उन्हाळ्यात भरतात. पॅरिसजवळचे ल बूर्जे जूनमध्ये, इंग्लंडमधील फेअरफर्ड जुलैत. चंडीगडच्या जूनमध्ये ते परवडणारे नाही. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला धावपट्टी जास्त लागते. धुळीची वादळे वेगळीच. ऑक्टोबर हा त्या मानाने सुखाचा महिना, पण तोही सर्वत्र नव्हे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अशाच सोहळ्याला लोटलेल्या गर्दीतील पाच जणांचा उन्हाच्या तडाख्याने मृत्यू झाला. आकाशाचे नियोजन सेकंदांत करणाऱ्या यंत्रणांना जमिनीवरच्या पाण्याचा आणि सावलीचा हिशेब मात्र जमला नाही.

सुखनावरील यादीत स्वदेशी 'प्रचंड' हेलिकॉप्टर होते. अवघ्या पाच दिवसांपूर्वी, ३ ऑक्टोबरला, ते जोधपूरला हवाई दलात दाखल झाले होते. ही तत्परता अर्थातच योगायोगाची नव्हती.

दुसरा प्रसंग २६ सप्टेंबर २०२५ चा. १९६३ मध्ये ज्या चंडीगडला मिग-२१ चे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेथेच त्या विमानाला निरोप देण्यात आला. हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी स्वतः मिग उडवले. सोहळ्यात तेजसही होते. जुन्याने नव्याच्या हाती सूत्रे द्यावीत, असे ते दृश्य. पण चित्र वास्तवाच्या पुढे धावत होते. मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनांपैकी त्या दिवसानंतर उरली २९. २०२१ मध्ये मागवलेल्या ८३ तेजस मार्क-१ए पैकी पहिले विमान मार्च २०२४ पासून अपेक्षित होते; निरोपाच्या दिवशीही ते हवाई दलाच्या हाती नव्हते. इंजिनांचा अमेरिकेतून होणारा पुरवठा रखडला, हे एक कारण. स्वतः सिंग यांनी फेब्रुवारीत बंगळुरूच्या प्रदर्शनात हिंदुस्तान एरोनॉटिक्सविषयी उघड नाराजी व्यक्त केली होती. निरोपाच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजससाठी ६२ हजार कोटींहून अधिक रकमेचा करार झाला. तारखांची ही जुळणीही यादीइतकीच बोलकी म्हटली पाहिजे.

मराठी वाचकाला या कथेत नाशिकजवळचे ओझर दिसल्याशिवाय राहणार नाही. मिग-२१ च्या उत्पादनासाठीच साठच्या दशकात तेथे कारखाना आला. चंडीगडच्या निरोपानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच ओझरहून तेथे जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले.