प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर

विद्यार्थिमित्रहो, जून महिना उजाडून पावसाची झड सुरू झाली, की पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावागावांतून महाविद्यालयाकडे निघालेली मुले-मुली बसथांब्यांवर दिसू लागतात. कोणी म्हापशास जातो, कोणी साखळीस, कोणी पणजीस. त्यांच्यापैकी कित्येकांनी जीवशास्त्राची शाखा निवडलेली असते. दोन-चार वर्षांनी तुमच्यापैकीही काहीजण त्याच वाटेने जातील. त्या वाटेवर पहिले वर्ष कठीण जाते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. पाहावे कसे, मोजावे कसे, लिहून ठेवावे कसे व अभ्यास करावा कसा, या चार गोष्टी कोणी मुद्दाम शिकवीत नाही. त्या येतातच असे गृहीत धरले जाते. त्या चार गोष्टींविषयी दोन शब्द सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगतो. महाविद्यालयातील पहिल्याच तासाला कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहावयाच्या होत्या. आम्ही पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, पाण्याचा थेंब टाकला, वरून पातळ झाकणकाच धप्पकन ठेवली आणि सूक्ष्मदर्शकात डोकावलो. जाड काळ्या कडेची सुरेख वर्तुळे दिसली. आम्ही मोठ्या हौसेने सात वर्तुळे काढून त्यांखाली ‘पेशी’ असे लिहिले. शेजारच्या विद्यार्थ्याने विटांच्या भिंतीसारख्या रेखीव पेशी व प्रत्येकीत केंद्रक काढले होते. अध्यापकांनी दोन्ही वह्या पाहिल्या. शेजाऱ्याला त्यांनी विचारले, “हे कोठे पाहिलेस? तुझ्या सूक्ष्मदर्शकाचा दिवाही लागलेला नाही.” मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, “तू काढलेस ते हवेचे बुडबुडे आहेत. पण तू पाहून काढलेस. आता पुन्हा पाहा.” त्या दिवशी आम्हांला जे समजले, ते पुढे कोणत्याही ग्रंथाने तितक्या स्पष्टपणे सांगितले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट पाहण्याची. झाकणकाच सरळ खाली टाकू नये. तिची एक कड थेंबाला टेकवून, दुसरी कड सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणावी, म्हणजे हवा बाहेर निघून जाते आणि बुडबुडे राहत नाहीत. पाहण्यास आरंभ नेहमी सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने करावा. मोठा स्क्रू केवळ त्या वेळीच फिरवावा. शक्ती वाढविल्यावर फक्त लहान स्क्रूला हात लावावा, नाही तर भिंग काचेवर आपटून दोन्हींचा नाश होतो. नेत्रभिंग दहापट व वस्तुभिंग चाळीसपट असेल, तर वस्तू १० × ४० म्हणजे ४०० पट मोठी दिसते. जुन्या वर्तमानपत्रातील ‘ग’ हे अक्षर कापून काचपट्टीवर ठेवून पाहा. ते खालचे वर व डावीकडचे उजवीकडे झालेले दिसेल आणि काचपट्टी उजवीकडे सरकविली तर चित्र डावीकडे जाईल. हा खेळ एकदा हाताला बसला, की पुढे हरवलेली पेशी शोधण्यात अर्धा तास जात नाही.

पाहिलेली वस्तू किती मोठी आहे, हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी १०० पट शक्तीवर पारदर्शक मोजपट्टी ठेवून दिसणाऱ्या गोल क्षेत्राचा व्यास मोजावा. समजा तो १.८ मिलिमीटर, म्हणजे १८०० मायक्रोमीटर भरला, आणि त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीने एकापुढे एक मावल्या. तर एका पेशीची लांबी सुमारे ३०० मायक्रोमीटर होय. केवळ एका मोजपट्टीने व एका भागाकाराने डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे माप मिळाले! शक्ती चौपट केली, की क्षेत्राचा व्यास एकचतुर्थांश होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट मोजण्याची. येथे आपल्या भागातीलच एक उदाहरण घेऊ. शापोरा व तेरेखोल या नद्यांत भरतीचे खारे पाणी आत शिरते. ते शेतांत येऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी खाजन जमिनींना बांध घातले. बांध फुटला, की भाताचे पीक करपते. पाणी भरपूर असूनही रोप का वाळते? याचे उत्तर पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत मिळते. तांबड्या कांद्याचा जांभळा पापुद्रा घ्यावा, त्यावर शेकडा पाच भाग मिठाचे पाणी सोडावे व पाहत राहावे. पेशीतील जांभळा भाग भिंतीपासून सुटून आकसू लागतो, कारण पेशीतले पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे जाते. यास परासरण म्हणतात. लगेच गोडे पाणी सोडल्यास पेशी पुन्हा भरते. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या भाताच्या मुळांनाही अशाच कारणाने पाणी ओढून घेणे अवघड जाते. शिवाय मिठाचा अतिरेक रोपाला अपाय करतो तो वेगळाच. आपला कोरगुट जातीचा भात हा खारेपणा इतर भातांहून अधिक सोसतो, म्हणूनच खाजनांत त्याला मान होता.

आता हेच मोजून पाहू. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ असे द्रावण करावे. येथे पुष्कळांची चूक होते. लिटरभर पाणी घेऊन त्यात मीठ टाकावयाचे नसते. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण द्रावण एक लिटर होईपर्यंत पाणी घालावयाचे असते. मोजपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. डोळा त्याच पातळीवर आणून खोलगट भागाचा तळ वाचावा. या द्रावणाचा एक भाग व पाण्याचा एक भाग घेतला, की लिटरला १० ग्रॅमचे द्रावण होते. एक भाग द्रावण व तीन भाग पाणी घेतले, की ५ ग्रॅमचे. चौथ्या बशीत नुसते गोडे पाणी ठेवावे. प्रत्येक बशीत मुगाचे वीस दाणे ठेवून तीन दिवस रोज किती रुजले ते मोजावे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या आकड्यांना अर्थ येतो.

चौथी बशी कशासाठी, असे कोणी विचारील. ती नसेल तर प्रयोगच नाही. मूग रुजले नाहीत ते मिठामुळे की मूगच जुने होते म्हणून, हे गोड्या पाण्याची बशीच सांगते. बाकी सर्व गोष्टी, म्हणजे दाणे, बशी, ऊन, पाण्याचे माप, सारख्या ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, हा सर्व प्रायोगिक शास्त्राचा पाया होय. आणि वीस दाणे का? एखादा दाणा मुळातच किडका असू शकतो. एका दाण्यावरून निकाल देणे म्हणजे एका घरावरून गावाची परीक्षा करणे होय.

तिसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. जे दिसले ते तत्क्षणी, तारीख, वेळ व स्थळ घालून लिहावे. सुट्या कागदावर टिपून नंतर वहीत उतरविण्याची सवय घातक आहे. कागद हरवतो आणि आठवण सोयीप्रमाणे बदलते. चूक झाल्यास पान फाडू नये, खोडरबरानेही पुसू नये. एक आडवी रेघ मारून बाजूस बरोबर आकडा लिहावा. आकृती टोकदार पेन्सिलीने, एकेरी रेषेत काढावी, छाया देऊ नये, आणि किती पट शक्तीवर पाहिले ते खाली नोंदवावे.

नोंदीचे महत्त्व पटत नसेल, तर पेडण्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर जावे. हिवाळ्यात तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे वाळूत अंडी घालण्यास येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात व सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात. शिवाय पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त उष्ण असेल तर माद्या अधिक होतात. आता कल्पना करा, की घरटे कोणत्या तारखेचे ते लिहिलेच नाही, अथवा उष्णतामापकाचा आकडा पाहण्याचा आळस करून ‘कालच्याइतकाच’ असे लिहिले. मग पिले केव्हा निघणार हे सांगता येणार नाही आणि किनारा वर्षावर्षाने तापत आहे की नाही, हेही कधी कळणार नाही. एका खोट्या आकड्याने शंभर खऱ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

चौथी गोष्ट अभ्यासाची. मराठी माध्यमातून गेलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात इंग्रजी संज्ञांचा भडिमार सोसावा लागतो व तो मनातून खचतो. आम्हीही खचलो होतो. त्यावर आमचा उपाय असा होता: वहीच्या पानाचे तीन रकाने करावे, एकात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, जसे पेशी, केंद्रक, ऊतक, हरितलवक, आणि तिसऱ्यात लहानशी आकृती. रोज दहाच शब्द घ्यावे. या संज्ञा बहुधा ग्रीक व लॅटिन तुकड्यांच्या बनलेल्या असतात. वीस-पंचवीस तुकडे ओळखीचे झाले, की शेकडो शब्द आपोआप उलगडतात. धडा पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आकृती आठवून काढावी, मग उघडून ताडून पाहावी. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. चुकलेली जागा तेव्हाच कळते व कायमची लक्षात राहते.

भाषेचा न्यूनगंड तर मुळीच बाळगू नये. गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथील औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापविला. त्या काळी युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन होती. ओर्ताने पोर्तुगीजमध्ये लिहिले. तरीही १५६७ साली क्लुसियस या पंडिताने त्याचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला, कारण त्यात येथे प्रत्यक्ष पाहून मिळविलेली माहिती होती. आपल्या पेडण्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांचे उदाहरण तर घरचेच. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावर उपयोग होतो का, याचा त्यांनी शोध घेतला. त्या जातीच्या तेलांवर पुढे अनेक दशके वैद्यांची भिस्त होती. १९४०नंतर अधिक गुणकारी औषधे आली व ती मागे पडली. गावच्या झाडाकडे शोधक दृष्टीने पाहणारा मुलगा मांद्र्यात निपजला, तसा तो पालये, विर्नोडे, मये किंवा नार्वे येथेही निपजू शकतो.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाने स्वयंपाकघरातला कांदा नेला, बशीत मूग भिजत घातले, तर त्याला रागे भरू नका; मोजताना चुकला तर पुन्हा मोजावयास सांगा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वहीत कधी बुडबुडेच आले, तर लाजू नका. जे पाहिले तेच लिहा आणि पुन्हा पाहा. आमच्या त्या जुन्या वहीतील सात वर्तुळांवर आजही एक आडवी रेघ आहे व शेजारी दुसऱ्या प्रयत्नात पाहिलेली, थोडी वाकडीतिकडी, पण खरी पेशी आहे.