एक आणि नाबाद छप्पन्न

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून नवा रायपूरकडे निघालं की जुन्या वस्तीच्या गल्ल्या मागे पडतात, रस्ता रुंदावत जातो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर परसदा गावाजवळ शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम दिसू लागतं. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे छत्तीसगढविरुद्ध रणजी सामना खेळायला मुंबईचा संघ उतरला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी बोललं जातं. अशा घरातल्या क्रिकेटवेड्याने त्या दिवशी आपल्या राज्याची बाजू घ्यायची की मुंबईची, हे ठरवणं सोपं नव्हतं. मुंबईच्या एका खेळाडूसाठी मात्र दोन्हीकडच्यांचा जीव तुटावा अशी वेळ होती. तो खेळाडू म्हणजे कर्णधार अजिंक्य रहाणे.

सलामीला पृथ्वी शॉने १५९ आणि भूपेन लालवानीने १०२ धावा केल्या. दोघांची भागीदारी २४४ धावांची झाली. एवढ्या भक्कम पायावर खेळायला आलेल्या रहाणेने किती केल्या? एक.

हा तोच रहाणे, ज्याने ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेल्यावर मेलबर्नमध्ये ११२ धावा करून संघाला उभं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मालिका जिंकून दाखवली. पुढे त्याचा सूर हरपला आणि कसोटी संघातली जागाही गेली. जून २०२३ मध्ये ओव्हलवर, जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, ८९ धावा करत तो परतला. पण लगेचच्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ३ आणि ८ धावा झाल्या आणि जागा पुन्हा गेली. रायपूरचा सामना चालू होता तेव्हा भारताची इंग्लंडविरुद्धची मालिका घरच्याच मैदानांवर रंगली होती, आणि तीत रहाणे नव्हता. रणजीतही धावा रुसल्या होत्या. त्या मोसमातले रायपूरपर्यंतचे त्याचे डाव ०, ०, १६, ८, ९ आणि आता हा १.

फलंदाजाचं दुखणं समजून घ्यायचं तर एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. गोलंदाजाचा एक चेंडू वाया गेला तर पुढचा त्याच्या हातात असतो. फलंदाजाची मात्र एकच चूक पुरते, मग तंबूत बसून दिवसभर तीच आठवत राहायची. फॉर्म जातो तेव्हा कौशल्य एका रात्रीत नाहीसं होत नाही. चेंडू दिसणं आणि पाय हलणं यांच्यामध्ये शंका शिरते. सोडायच्या चेंडूला बॅट लागते, मारायचा चेंडू अडवला जातो. सरावात सगळं नीट होतं, कारण तिथे बाद झालं तरी जाळ्याबाहेर कुणी काढत नाही.

अशा माणसाला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? ‘तू महान आहेस’ हे त्याने हजारदा ऐकलेलं असतं. उपयोगी पडतं ते वेगळंच, आणि याचं सर्वांत सुंदर उदाहरण तेंडुलकरांच्या घरातलं आहे.

२००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींत सचिनच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. पाच डावांत ८२. थोरला भाऊ अजित त्याचा खेळ लहानपणापासून पारखत आलेला. त्याने निदान केलं: दोष तंत्रात नाही, मनात आहे. आणि आव्हान दिलं, सिडनीत बादच व्हायचं नाही. धावांचा आकडा मागितला नाही, शतकाची भाषा केली नाही. सचिनने ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवरचा आपला लाडका कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि ४३६ चेंडू खेळून नाबाद २४१ धावा केल्या. दुसऱ्या डावात तो नाबाद ६० राहिला. भावाचं आव्हान दोन्ही डावांत शब्दशः पाळलं गेलं.

सगळ्यांनीच अजितसारखं वागायचं ठरवलं असतं तर! मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद झालेल्या सचिनची वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या मुंबईत, काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तोवर कोपराचं दुखणं आणि शस्त्रक्रिया त्याच्या वाट्याला आलेली होती. पुढच्या वर्षी विश्वचषकात ७, नाबाद ५७ आणि ० झाल्यावर तर त्याच्या मनात निवृत्तीचे विचार घोळू लागले. तेव्हा व्हिव्ह रिचर्ड्सचा फोन आला, आणि तुझ्यात अजून बरंच क्रिकेट शिल्लक आहे, असं त्याने सचिनला परोपरीने समजावलं. २ एप्रिल २०११ च्या रात्री, विश्वचषक जिंकल्यावर, त्याच वानखेडेवर सहकाऱ्यांनी सचिनला खांद्यावर घेतलं.

मुंबईने रहाणेसाठी जे केलं ते याहून कमी नाट्यमय, पण तितकंच मोलाचं. त्याची जागा ठेवली आणि कर्णधारपदही ठेवलं. धावा होत नसताना या पदाने त्याला दिवसभर पुरेल असं काम दिलं: क्षेत्ररक्षण लावणं, गोलंदाज बदलणं, तरुणांना सांभाळणं. स्वतःच्या बॅटपलीकडे पाहायला लावणारी जबाबदारी हाही आधारच असतो. रायपूरच्या दुसऱ्या डावात तो पुन्हा आला, टिकून खेळला आणि ५६ धावांवर नाबाद परतला. सामना अनिर्णित राहिला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढचे डाव २२, ३, ०, १९ आणि विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा ७. टीकाकारांना आयती संधी होती. दुसऱ्या डावात एकोणीस वर्षांच्या मुशीर खानला साथीला घेऊन त्याने ७३ धावा काढल्या. दोघांची भागीदारी १३० धावांची झाली. मुंबईने १६९ धावांनी जिंकून ४२ वा रणजी करंडक उचलला. सर्वांत कमी धावा माझ्याच, पण सर्वांत आनंदी मीच, अशा अर्थाचं रहाणे नंतर बोलला. त्या मोसमातल्या त्याच्या १३ डावांत २१४ धावा होत्या आणि सरासरी १८ च्याही आत. केवळ हे आकडे पाहणाऱ्या निवड समितीने त्याला घरी बसवलं असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई आणि छत्तीसगढ पुन्हा समोरासमोर आले, या वेळी मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर. तोवर रहाणेने कर्णधारपद आपणहून सोडलं होतं आणि शार्दूल ठाकूर संघ चालवत होता. सदतिशीतल्या रहाणेने तिथे १५९ धावा केल्या, नेमक्या तेवढ्याच, जेवढ्या रायपूरला तो एका धावेवर बाद झाला त्या डावात पृथ्वी शॉने केल्या होत्या.