लघुग्रहांच्या वाटेवर : भाग ६ – मद्रासला सापडलेला ‘आशिया’

मागच्या आठवड्यात आपण १८०१ सालच्या सेरेसपाशी थांबलो होतो. पुढच्या साठ वर्षांत लघुग्रहांची यादी साठाच्या पुढे गेली, पण त्यातले सगळे शोध युरोप-अमेरिकेतल्या दुर्बिणींतून लागलेले. १७ एप्रिल १८६१च्या रात्री हे बदलले. मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना ६७वा लघुग्रह दिसला. वेधशाळेची सूत्रे हाती घेऊन त्यांना दोन-तीन महिनेच झाले होते.

दिसला म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. फोटोवरून लघुग्रह शोधायला अजून तीस वर्षे अवकाश होता. दुर्बिणीला डोळा लावायचा, समोरचे तारे हातातल्या नकाशाशी एकेक करून ताडून पाहायचे आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की पुन्हा वेध घ्यायचा. तारा असेल तर जागचा हलणार नाही. सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत आलेला लघुग्रह मात्र दिवसाला चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीइतका सरकतो, तोही पश्चिमेकडे, उलटा. कारण आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी त्याला मागे टाकत असते.

‘आशिया’ प्रतियुतीत असतानाही सहसा अकराव्या प्रतीच्या आसपास असतो. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभरपट अंधूक! पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट, हे प्रमाण १८५६मध्ये सुचवले ते याच पॉगसन यांनी. जगभर आजही तेच चालते.

सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके. पृथ्वीचे अंतर १ धरून केप्लरच्या तिसऱ्या नियमाने २.४२चा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, ३.७६ येते. तेवढ्या वर्षांत त्याची एक प्रदक्षिणा होते. मंगळाला लागतात १.८८ वर्षे. म्हणजे मंगळाच्या दोन फेऱ्यांत याची एक, आणि हा योगायोग नाही: मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाशी त्याचा ताल जुळलेला आहे. कक्षा बरीच लांबट असल्याने तो कधी १.९७ एककांवर येतो, तर कधी २.८७ एककांपर्यंत दूर जातो.

लघुग्रहांना ग्रीक-रोमन देवतांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. आशिया हे ग्रीक पुराणातल्या देवतेचे नाव आहे, त्यामुळे रीतही मोडली नाही आणि ज्या खंडातून हा पहिला लघुग्रह सापडला, त्याचे नावही आकाशात गेले. मला हे नामकरण फार आवडते. मद्रासची ती वेधशाळा आता तिथे नाही. चेन्नईच्या नुंगमबाक्कममध्ये तिच्या दुर्बिणीचा ग्रॅनाइटचा खांब तेवढा उभा आहे. चेन्नईला गेलात, तर तो जरूर पाहा.

मद्रासहूनच पॉगसन यांनी १८६६मध्ये ‘सिल्व्हिया’ शोधला. त्याला दोन चंद्र आहेत. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.