थंडीतले कार्यक्रम आणि सिकलसेलचे लेकरू

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमलेली गर्दी आपापल्या गावी परतते, ऑक्टोबरचे ऊन निवते आणि कार्तिक पौर्णिमेच्या आगेमागे एखाद्या पहाटे नागपूरकरांना पायाखालची फरशी गार लागते. थंडी आली. साडेपाचलाच दिवस मावळू लागतो. तिबेटी बांधवांची स्वेटरची दुकाने लागतात, हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग दिसतात, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात आणि घरोघरी सोल्यांची भाजी शिजते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चे, मंडप आणि पोलीस यांनी शहर भरून जाते.

आपल्या वस्त्यांमध्ये कार्यक्रमांचा हंगामही हाच. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत मंडपात कोण बसणार, आणि पावसाळ्यात सतरंजी टाकणार कुठे? म्हणून कव्वालीचे सामने, गायन पार्ट्या, एकांकिका, व्याख्यानमाला, साहित्य संमेलने, वधू-वर परिचय मेळावे, शाळांच्या सहली हे सारे थंडीत येते. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. आम्हीही या सगळ्यांत असतो. लेकराबाळांसह जावे, याच मताचे आम्ही आहोत.

मागच्या थंडीत मात्र एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे हे पान या विषयाला द्यायचे ठरवले. आमच्या शेजारच्या वस्तीत मैदानावर कार्यक्रम होता. पत्रिकेवर वेळ सायंकाळी सात. सुरू झाला नऊला. मुलांचा नाच होता, त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. हाफपँट, पातळ सदरा, पाय उघडे. नाच सत्कारांनंतर ठेवलेला. अकरा वाजले तरी हार-तुरे चालूच. मुलगा पुढे सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. नाच झाला, टाळ्या पडल्या, घरी जाताना तो म्हणाला, "आई, पाय लय दुखून राहिले." आजी म्हणाली, "नाचून दमला पोट्टा, झोपला की थांबते." पहाटे तीनला त्याच्या ओरडण्याने गल्ली जागी झाली. पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले.

त्याला सिकलसेल आहे हे घरात माहीत होते. चौथ्या वर्षीच तपासणी झाली होती. थंडीचा आणि या दुखण्याचा संबंध मात्र कोणी नीट समजावून सांगितला नव्हता. आणि हेही सांगितले पाहिजे की त्या रात्री ज्यांच्या सत्कारात वेळ गेला, त्यांत आमच्यातलाही एक होता.

सिकलसेल म्हणजे काय, ते थोडक्यात. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, लवचीक असतात, म्हणून केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या सहज सरकतात. या आजारात पेशींतले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्यातला प्राणवायू सुटला की ते पेशीच्या आत कडक दांड्यांसारखे जुळते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग, बहुधा हाड, असह्य ठणकू लागतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे अनेकदा पिवळसर.

आता थंडी काय करते? अंगातली ऊब वाचवण्यासाठी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. निरोगी माणसाची बोटे गार पडतात, एवढेच. सिकलसेलच्या माणसात मात्र आवळलेल्या वाहिनीतून रक्त हळू सरकते, पेशी तिथे जास्त वेळ रेंगाळते, प्राणवायू सोडते, वाकडी होते आणि अडकते. म्हणजे त्या मुलाचे पाय नाचल्यामुळे दुखले नव्हते, दोन-अडीच तास गार जमिनीवर उघडे राहिल्यामुळे दुखले होते. नागपूरची थंडी 'आपली कोरडी, बरी' असे आपण म्हणतो. २०१८ च्या डिसेंबरात याच शहरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण एवढी थंडी पडावी लागतेच असे नाही. दुपारी तीस अंश आणि रात्री बारा, हा चढउतारही पुरतो.

दुसरे कारण पाणी. याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आपण सगळेच पाणी कमी पितो. निरोगी माणसाचे मूत्रपिंड अशा वेळी लघवी घट्ट करून पाणी वाचवते. सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडाची ही क्षमता लहानपणीच कमी होते. ती मुले पाणी कमी प्यायली तरी लघवी पातळच आणि वारंवार होते, म्हणून त्यांचे अंथरूण जास्त वयापर्यंत ओले होते. मग घरात काय घडते? आई थंडीत गोधड्या धुऊन कंटाळते, मुलाला रागावते आणि संध्याकाळनंतर पाणी देणे बंद करते. रात्रभर शरीरातले पाणी कमी होत जाते, रक्त घट्ट होते आणि पहाटे कळा सुरू होतात. आईचा यात दोष नाही, तिला कोणी सांगितलेलेच नसते. या मुलांचे पाणी बंद करू नये. अंथरुणावर मेणकापड घालावे, रात्री एकदा उठवावे, रागावू नये. पाणी कोमट करून थोडे थोडे, दिवसभर द्यावे. वरणाचे पाणी, कढण, संत्री, सगळे चालते. मुलगा शाळेत बाटली भरून नेतो आणि तशीच भरलेली परत आणतो, तेही बघावे. शाळेत लघवीला जाऊ देत नाहीत म्हणून पाणी न पिणारी मुले आम्हाला भेटली आहेत. मास्तरांना आईवडिलांनी एकदा जाऊन सांगितलेले बरे. मोठ्या बायका तर कार्यक्रमाला जायचे म्हटले की सकाळपासूनच पाणी टाळतात, कारण मैदानावर जायची सोय नसते. ही सोय करणे आयोजकांचे काम आहे.

कार्यक्रमाला न्यायचे तर कसे? अंगात एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे चांगले. नाचाचा पोशाख असेल तर त्याच्या आत उबदार बनियन आणि पायजमा. पायमोजे, कानटोपी. खाली सतरंजी असेल तर तिच्यावर घरची वाकळ घडी घालून टाकावी, कारण खरी थंडी जमिनीतून चढते. मुलाला मधूनमधून उठवून चार पावले चालवावे. शेकोटीजवळ बसवले तर धूर चुकवावा, धुराने छाती धरते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून तर कोणीच झोपू नये, मग आजार असो वा नसो, त्या विषारी वायूने माणसे झोपेतच दगावतात.

सहलींचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. अंबाझरी, खिंडसी, रामटेक, पवनीचे स्तूप कुठेही पाठवा. चिखलदऱ्याची उंची या मुलांना बाधत नाही, तिथली पहाटेची थंडी बाधते, म्हणून कपडे नीट द्या. पाण्यात खेळणे मात्र थंडीत नको. ओल्या कपड्यांत परतीचा दोन तासांचा बसप्रवास, खिडकी उघडी, हे दुखणे ओढवून घेण्यासारखेच आहे.

सहा डिसेंबरच्या प्रवासाचे वेगळे आहे. मुंबई तेव्हा गार नसते, शिवाजी पार्कवर तर दुपारी ऊनच लागते. त्रास होतो तो वाटेत. जनरल डब्यात दाराजवळ, खिडकीशी रात्र काढावी लागते, पाणी संपते, संडासापर्यंत पोचता येत नाही म्हणून लोक पीतही नाहीत. सिकलसेलच्या माणसाला आतली जागा द्यावी, औषधे आणि तपासणीचे कागद पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावेत, आणि सोबतच्या निदान एकाला आजाराची कल्पना असावी. ज्याला महिन्याभरात मोठा झटका येऊन गेला आहे, त्याने त्या वर्षी घराजवळच्या विहारात अभिवादन केले तर कोणी त्याला नावे ठेवू नयेत.

कळ सुरू झालीच तर ऊब द्यावी, कोमट पाणी पाजावे, डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली पॅरासिटामॉल द्यावी. बर्फ कधीही लावू नये. मुका मार लागल्यासारखे दिसते म्हणून लोक बर्फ लावतात आणि दुखणे वाढते. इतर वेदनाशामके मूत्रपिंडाला बाधू शकतात, ती मनाने घेऊ नयेत. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून थांबवू नये. ती रोज घ्यायची गोळी आहे आणि ठरावीक काळाने रक्त तपासत राहून घ्यायची आहे. रक्त कमी दिसले की लोहाचे टॉनिक आणून पाजणे हीसुद्धा चूकच. या आजारात रक्त कमी असते ते पेशी फुटतात म्हणून, आणि वरचेवर रक्त चढवलेल्यांच्या शरीरात तर लोह आधीच जास्त साठलेले असते.

काही वेळा मात्र घरी थांबायचेच नाही. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, लेकरू एकाएकी पांढरे पडून पोट डाव्या बाजूने फुगले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला, तर रात्र आहे, थंडी आहे, सकाळी बघू, असे म्हणू नये. वयात आलेल्या मुलांत लिंग ताठ होऊन तासन्‌तास दुखत राहते. लाजेने ती सांगत नाहीत. बापाने किंवा मोठ्या भावाने त्यांना आधीच विश्वासात घेऊन सांगावे की हेही आजाराचेच लक्षण आहे, त्यावर लगेच उपचार लागतो.

लाजेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो प्रथम नोंदला गेला आणि १९५८ साली मध्य भारतातली नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. विदर्भात आदिवासी, बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत तो आढळतो. कोणाच्या कर्माचा किंवा नजर लागल्याचा हा परिणाम नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्याला थंडीत कोंडून ठेवण्याचे कारण नाही. साधी रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात धरला गेला आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरातला आजार लपवला नाही, रुग्णांना एकत्र केले. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तरीही आज परिचय मेळाव्यांत पत्रिकेतल्या शिक्षण-नोकरीच्या रकान्यांशेजारी हा एक रकाना घालायला आपण कचरतो. थंडीतच हे मेळावे भरतात. येणाऱ्यांची रक्ततपासणी तिथेच करता येईल.

त्या मुलाच्या आईने या वर्षी त्याचे नाव नाचातून काढायचे ठरवले होते. मुलगा दोन दिवस जेवला नाही. मग वस्तीच्या मंडळाची बैठक झाली, आम्हीही गेलो. सत्कार मागे आणि मुलांचे कार्यक्रम पुढे घ्यायचे, साडेपाचला सुरुवात करायची, नऊला संपवायचे, असे ठरले. नाहीतरी दहानंतर ध्वनिक्षेपक चालू ठेवायला कायद्याने बंदीच आहे. एका ज्येष्ठांनी विचारले, पाहुणे वेळेवर आले नाहीत तर? बैठकीतल्या एका ताई म्हणाल्या, मग त्यांना नाच बघायला मिळणार नाही. मैदानाच्या कडेला कोमट पाण्याचा पिंप ठेवायची जबाबदारी आमच्या गटाकडे आली आहे. मुलाच्या पोशाखाखाली घालायला राखाडी रंगाचा उबदार पायजमा आणला, तो त्याला आवडला नाही. निळा हवा म्हणतो. या रविवारी बदलून आणणार आहोत.