पेट्रोल कोठे गेले?

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या पेट्रोलवर लेख लिहावा, हे संपादक मंडळालाही जरा विचित्रच वाटले. पण ज्या प्रकरणातून हा लेख निघाला, त्यात मी एका भल्या माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो. तेव्हा लिहिणे भाग आहे.

आमच्या घरी एक जुनी पेट्रोल मोटार आहे. आईला उपचारासाठी आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यावे लागते. मला तास बुडविता येत नाहीत, म्हणून शेजारचे एक काका गाडी नेतात. त्यांची उभी हयात स्टिअरिंगमागे गेलेली. हदगाव, वारंगाफाटा, अर्धापूर या मार्गाने जाऊनयेऊन, गावातले फिरणे धरून, साधारण १६० किलोमीटर पडतात. गाडी लिटरला १८ किलोमीटर देई, म्हणजे एका फेरीला नऊ लिटरच्या आत काम भागे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा आकडा एकाएकी १५ वर आला. फेरीमागे पावणेदोन लिटर जादा, महिन्याच्या आठ फेऱ्यांना चौदा लिटर, आणि लिटरचा भाव शंभराच्या वर. हा हिशेब मांडल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा माणूस आला, यंत्र आले नाही. “काका, यापुढे पंपाची पावती आणत जा,” एवढेच मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीपासून पावती व्यवस्थित घडी करून माझ्या टेबलावर ठेवू लागले.

गावात ज्याला त्याला विचारावे तर उत्तर एकच : “सर, ते इथेनॉल!” आमचा भाग उसाचा, त्यामुळे या विषयावर प्रत्येकाचे मत तयार. आता यात तथ्य किती, ते आकड्यांनी पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. मिश्रणात ते २० टक्के असेल तर एकूण ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. म्हणजे १८ चे फार तर पावणेसतरा होतील. शिवाय माझ्या गाडीत हे पेट्रोल त्याआधीही पडतच होते. १५ पर्यंतची घसरण इथेनॉलच्या माथी मारता येत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच फेऱ्यांना बरोबर गेलो. (खरे सांगायचे तर पाळतीवरच गेलो.) सकाळी टाकी पूर्ण भरायची, संध्याकाळी परत येऊन त्याच पंपावर, त्याच नळीने, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा भरायची. नळी आपोआप बंद झाली की थांबायचे. वर आणखी ओतायचे नाही. तरीसुद्धा एका भरण्यात अर्धा-एक लिटरचा फरक सहज पडतो, आणि नऊ लिटरांत एक लिटर म्हणजे अकरा टक्के चूक! म्हणून तीन फेऱ्यांचे किलोमीटर आणि तीन फेऱ्यांचे लिटर एकत्र घेऊन भागाकार केला. तिन्ही फेऱ्यांच्या एकत्रित लिटरांत तीच चूक चार टक्क्यांच्या आत येते. पंपाचे मापही तपासले. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. माप तंतोतंत निघाले.

उत्तर आले १५. मी गाडीत बसलेला असताना, माझ्या डोळ्यांदेखत पावणेदोन लिटर जास्त गेले होते. काकांवरचा संशय तिथेच संपला. पण तो मी त्यांना बोलून दाखविला नसल्याने तो संपल्याचे तरी कसे सांगणार?

मग यंत्राकडे वळलो. येथे ‘एकाएकी’ हा शब्द महत्त्वाचा. झीज हळूहळू होते आणि आकडाही हळूहळू उतरतो. दोन आठवड्यांत झालेली घट बहुधा काहीतरी अडकल्याची किंवा बिघडल्याची खूण असते. चाकांतली हवा गाडी थंड असताना पाहिली. दोन पौंडांनी कमी होती. पण सगळ्या चाकांत एक पौंड हवा कमी असली तर सरासरी ०.२ टक्केच फरक पडतो. एअर फिल्टर मळलेला होता. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत तो पेट्रोल खाई. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो, त्यामुळे ओढ मंदावते, खर्च फारसा वाढत नाही. उष्णतेचा काटा वेळेवर मध्यावर येत होता, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा राहिलेला नव्हता. क्लच घसरत नव्हता. इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागलेला नव्हता. वेगाचाही संशय घेतला, कारण नागपूर-तुळजापूर महामार्गावर (क्रमांक ३६१) पाय नकळत दाबला जातो आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण काका साठ-सत्तरच्या वर जात नाहीत. आई त्यांना जाऊ देत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर मिस्तरीने सांगितलेली युक्ती केली. चारही चाकांच्या मध्यभागी बोटांनी पाण्याचे चार थेंब उडविले. तीन चाकांवर थेंब ओघळले. पुढच्या डाव्या चाकावर ‘चर्र’ झाले. एकाच आसाची दोन चाके सारखीच तापायला हवीत. उजवे कोमट आणि डावे असे, याचा अर्थ उघड होता.

दुसऱ्या दिवशी जॅक लावून चाक हाताने फिरविले, तर ते जागच्या जागी थांबे. डिस्क ब्रेकचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पाय उचलला की लाइनरने डिस्क सोडावी यासाठी ही सरक लागते. एका पिनेचे रबर फाटून पावसाळ्यातले पाणी-चिखल आत गेला होता, ग्रीस धुऊन पिन गंजली होती. लाइनर चोवीस तास डिस्कला चिकटून! हिशेब केला : नव्वद न्यूटनच्या आसपास घर्षण, ताशी ६० चा वेग, म्हणजे सुमारे १५०० वॅट. पाणी तापविण्याचा एक रॉड चाकात बांधून आम्ही नांदेडला जातयेत होतो. १६० किलोमीटरांत ही ऊर्जा चौदा-पंधरा मेगाज्यूल होते. लिटरभर पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचते, सुमारे आठ मेगाज्यूल. भागाकार करा, पावणेदोन लिटर जवळजवळ बरोबर येतात. आणि ब्रेक असाच तापत राहिला असता तर ऐनवेळी दगाही दिला असता. गाडीत आई होती.

मिस्तरीने पिना साफ करून, ग्रीस व नवी रबरे घालून, लाइनर बदलले. मी काकांना बोलावून झिजलेला लाइनर दाखविला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“म्या म्हणलं होतं ना सर, गाडी डावीकडं वढते म्हणून. दोन डाव म्हणलं.”

म्हणाले होते खरे. एकदा गणपतीच्या सुमारास, आणि एकदा मी पावती मागितली त्याच्या आदल्या दिवशी. मी पेपर तपासत होतो, “बघू” म्हणालो होतो. “चुकलं काका,” मी म्हणालो, आणि काय चुकले तेही सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, लाइनर खाली ठेवला आणि हात पुसले.

पुढच्या फेरीला नऊ लिटर बसले. पावती घडी करून टेबलावर आलीच. “आता नको काका,” म्हटले, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर. हिशेब ऱ्हायते.”