पुरावा बँकेच्या कपाटात

पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर दुसऱ्या खात्यांत गेले. कंपनीच्या संचालकांनी एका फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते. चूक ग्राहकाची, असे म्हणून प्रकरण तिथेच मिटले असते. पण राज्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून दुसरी बाजूही पाहिली. लुबाडणुकीसाठीच उघडलेली खाती बँकेच्या नजरेतून सुटलीच कशी? फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले. उरलेला भार त्या ई-मेलला उत्तर देणाऱ्या ग्राहकावर राहिला.

हयगय अशी वाटून मोजता येते, हे त्या निकालाने दाखवले.

तो निकाल ज्याखाली आला तो माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा असला, तरी हयगयीबद्दल भरपाई देणारे कलम ४३अ लागू झाले ऑक्टोबर २००९ मध्ये. ‘वाजवी सुरक्षा’ न पाळल्यामुळे नुकसान झाले, तर कंपनीने भरून द्यायचे. पण वाजवी म्हणजे किती? एप्रिल २०११ च्या नियमांनी आयएसओ २७००१ या मानकाकडे बोट दाखवले आणि माहिती फुटल्यावर आपण काय काळजी घेतली होती, हे मागणी झाल्यास कंपनीने दाखवावे असे सांगितले. खरी मेख इथेच होती. कोण कधी आत शिरले, कोणत्या पत्त्यावरून, सूचनेचा एसएमएस गेला की नाही, या सगळ्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर. ज्याचे पैसे गेले त्याच्या हातात फक्त पासबुक!

त्यात अपिलाची वाटही खुंटली. दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांची खुर्ची २०११ पासून रिकामी पडली, आणि शेवटी २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले. तामिळनाडूत आयसीआयसीआय बँकेविरुद्ध एका खातेदाराने २०१० मध्ये मिळवलेल्या निकालावरचे अपील सुटायला २०१९ उजाडले. लोकांची ही फरफट अक्षम्य होती.

पारडे फिरवले ते रिझर्व्ह बँकेने. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे थेट बँकेवर टाकले. त्याचा कस लागला मुंबई उच्च न्यायालयात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बँक ऑफ बडोदामधल्या एका कंपनीच्या खात्याला ओटीपी न येताच नवे लाभार्थी जोडले गेले आणि ७६ लाख ९० हजार रुपये गेले. बँकिंग लोकपालांनी तक्रार फेटाळली होती. जून २०२४ मध्ये न्यायालयाने ग्राहकाची हयगय नाही, असे ठरवून बँकेला रक्कम परत करायला सांगितले.

दरम्यान, एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घातले. पुराव्याच्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट. तक्रारदार वकील गाठेपर्यंत नोंदी पुसल्या गेल्या, तर सिद्ध काय करणार?

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सुरक्षेत कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही नाही, आणि याच कायद्याने कलम ४३अ वगळण्याची तरतूद केली आहे.