मत्स्यपेटीस ठिबक आणि निचरा

उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती आपण सर्वांनी पाहिली आहे. पात्राच्या तळाच्या बारीक छिद्रातून थेंब थेंब पाणी अहोरात्र पडत असते आणि जितके पडते तितके शाळुंकेवरून वाहून जाते. पिंडी कोरडी पडत नाही आणि गाभाऱ्यात पाणीही साचत नाही. घरातील माशांच्या काचेच्या पेटीस नेमकी हीच व्यवस्था लागू करता येते. ती घरच्या घरी, ठिबक संचाच्या उरलेल्या सामानातून कशी करावी, हे येथे सांगावयाचे आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मासे पाळण्यासाठी पाणी खर्चावे काय, असा आक्षेप प्रथमच येईल, आणि तो रास्त आहे. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने शेजारच्या लातुरास पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. म्हणून आरंभीच सांगतो की, या पद्धतीत पेटीतून निघणारे पाणी झाडास जाते. जे पाणी झाडास घालावयाचेच होते, ते वाटेत माशांच्या घरातून जाते, इतकेच.

प्रस्तुत लेखकास या विचाराकडे वळविले ते एका नुकसानीने. पेटीतील पाणी गढूळ झाले म्हणून एका चैत्रात निम्म्याहून अधिक पाणी बादल्यांनी उपसले व नळाचे ताजे पाणी भरले. त्यात जंतुनाशक पूड नुकतीच पडली होती, याची चौकशी केली नाही. सायंकाळपर्यंत बहुतेक मासे उलटे होऊन वर आले. दोष सर्वस्वी स्वतःचा होता. क्लोरीनचे पाणी माशांच्या कल्ल्यांस जाळते, आणि पाण्याचा गुणधर्म व उष्णमान एकाएकी पालटले तर सशक्त मासाही टिकत नाही.

पाणी का बदलावे

मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच निघतो. पेटीतील खडी व गाळणी यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत जी क्रिया घडते, तीच येथे घडते. अमोनिया व नायट्राइट ही माशांस विषे होत. नायट्रेट सौम्य असले तरी साचत जाते, आणि पिकास मात्र ते अन्न आहे.

दुसरी गोष्ट क्षारांची. आपल्या काळ्या पाषाणातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. उन्हाळ्यात पेटीतील पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. आपण वरून पाण्याची भर घालतो, तीतही क्षार असतातच. निचरा नसलेल्या रानास पाणी देत राहिले म्हणजे ते जसे क्षारपड होते, तसेच पेटीचेही होते. सारांश, पाण्यास येण्याची वाट जितकी आवश्यक, तितकीच जाण्याचीही आहे.

साहित्य व मांडणी

तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीचे आकारमान पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारे १९० लिटर होते. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटर पाणी धरावे. रोज त्याचा दहावा भाग, म्हणजे १६ लिटर पाणी बदलावयाचे आहे.

वीस लिटरांचे दोन कॅन घ्यावेत. एक ठिबकत असता दुसऱ्यात उद्याचे पाणी तोंड उघडे ठेवून, वर पातळ फडके बांधून, सावलीत मुरू द्यावे. एक-दोन दिवसांत क्लोरीन उडून जातो व पाण्याचे उष्णमानही खोलीइतके होते. कॅनच्या तळाजवळ छिद्र पाडून ग्रोमेट व टेकऑफ बसवावा, त्यास बारीक लॅटरल जोडून तिचे टोक बंद करावे आणि टोकाजवळ एक ड्रिपर टोचावा. ड्रिपर पेटीतील पाण्याच्या वर राहील असा बांधावा, म्हणजे पेटीचे पाणी नळीवाटे उलटे कॅनकडे ओढले जाणार नाही.

ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह सुमारे दहा मीटर उंचीच्या दाबाचा असतो. आपला कॅन एक मीटर उंच असेल तर साध्या ड्रिपरमधून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी पाणी येते. म्हणजे ताशी दोन लिटरांच्या ड्रिपरातून दिवसास सुमारे १५ लिटर मिळतात, आणि आपणास तितकेच हवे आहेत. दाब सम राखणारा ड्रिपर इतक्या कमी उंचीवर नीट चालत नाही, तो घेऊ नये. अखेर प्रवाह मोजूनच खात्री करावी. एक तास पेला धरून ६५० मिलिलिटरांच्या आसपास पाणी भरले की ठीक. अधिक भरल्यास कॅन थोडा खाली घ्यावा, कमी भरल्यास वर चढवावा.

आता निचरा. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवरील जुना बंधारा ज्यांनी पावसाळ्यात पाहिला असेल, त्यांना नर व मादी हे दोन धबधबे आठवतील. जास्तीचे पाणी ठरल्या वाटेने बाहेर पडते. पेटीसही तशीच वाट हवी. नवीन पेटी करविताना, काचा जोडण्यापूर्वी, काचवाल्याकडून वरच्या कडेखाली दोन इंचांवर पाऊण इंची छिद्र पाडून घ्यावे व त्यात रबरी वायसरासह नळी बसवावी. कडक केलेल्या काचेस छिद्र पाडता येत नाही, ती तडकून चुरा होते. आतील तोंडास बारीक जाळी लावावी, नाहीतर पिले वाहून जातील. ठिबक एका टोकास व निचरा दुसऱ्या टोकास असावा. बाहेरची नळी कढीलिंबाच्या किंवा लिंबोणीच्या आळ्यात सोडावी.

जमाखर्च

आठवड्यात ११२ लिटर पाणी पेटीतून जाते, परंतु जुन्यापैकी सुमारे निम्मेच बदलते. कारण नवे पाणी जुन्यात मिसळते व त्याचाही काही भाग बाहेर जातो. बादलीने हेच काम ८० लिटरांत होईल. म्हणजे ठिबकास ३२ लिटर अधिक लागतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु बादलीने पाणी एका दिवसात पालटते, ठिबकाने ते माशांस न कळता पालटते, आणि उन्हाळ्यातील वाफ सोडली तर सर्व पाणी खतासह झाडाच्या मुळाशी पोहोचते.

सावधगिरी

पेटीस घरावरील टाकीची अथवा नळाची जोडणी कधीही करू नये. निचऱ्याच्या जाळीवर शेवाळ बसले तर घरभर पाणी होईल. कॅन असल्यास कॅनमध्ये आहे तितकेच सांडेल. जाळी आठवड्यास धुवावी. क्षारांनी ड्रिपर बुजल्यास लिंबाच्या रसात रात्रभर ठेवून स्वच्छ धुवावा. माशांच्या रोगावर पेटीत मीठ किंवा औषध घातले असेल तेव्हा निचऱ्याचे पाणी झाडास देऊ नये. ठिबक लावले म्हणून गाळणी व हवेचा पंप काढून टाकू नये, आणि खाद्य तर दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे.

टंचाईच्या दिवसांत मासे व खाद्य दोन्ही निम्मे करावेत, म्हणजे ठिबकही निम्मे पुरेल. गावास टँकर लागल्यास पिण्याच्या पाण्यास हात लावू नये. मासे मोठा हौद असलेल्या स्नेह्याकडे ठेवावेत, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत.

रानास पाणी देताना जो निचऱ्याचा विचार आपण करतो, तोच ओसरीवरील पेटीस लावला की मासे जगतात आणि कढीलिंबही हिरवा राहतो. ज्या बांधवांनी निराळी मांडणी करून पाहिली असेल, त्यांनी आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य कळवावा.